‘इव्होल्यूशनरिली’: एका क्रियाविशेषणाची झडती

आजचा विषय एकच शब्द आहे, आणि तोही इंग्रजी: ‘इव्होल्यूशनरिली’. ‘इव्होल्यूशन’ म्हणजे उत्क्रांती, त्याचं विशेषण ‘इव्होल्यूशनरी’, आणि त्याला ‘ली’ जोडून केलेलं हे क्रियाविशेषण. एका क्रियाविशेषणावर तासभर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. महिन्याभरापूर्वी मलाही तसंच वाटलं असतं.

झालं असं की आमच्या घरात सध्या सात महिन्यांची नात आहे. ती रात्री दोन-तीनदा उठते आणि तिच्याबरोबर सून उठते. सुनेला सकाळी नऊला कामाला बसायचं असतं. एके दिवशी चहाच्या वेळी ती मुलाला म्हणाली, “आठवड्यातून निदान दोन रात्री तू उठत जा.” मुलगा वाचणारा आहे, स्वभावानेही चांगला आहे. तो म्हणाला, “अगं, मला खरंच ऐकू येत नाही. इव्होल्यूशनरिली आईचीच झोप सावध असते.” सून क्षणभर गप्प राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाबा, तुम्ही इतकी वर्षं तर्कशास्त्र शिकवलंत. याला उत्तर काय?”

मला उत्तर सुचलं नाही. मी वर्तमानपत्र पुढे ओढलं. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मुलगा जर म्हणाला असता की ‘रात्री आईनेच उठायचं असतं’, तर भांडण झालं असतं, आणि भांडणातून काहीतरी निष्पन्न झालं असतं. ‘देवानेच तसं घडवलंय’ म्हणाला असता, तर आम्ही सगळे हसलो असतो. पण त्याने जो शब्द वापरला त्यापुढे तिघेही गप्प झालो. त्या शब्दामागे कोट्यवधी वर्षं उभी आहेत, डार्विन उभा आहे, प्रयोगशाळा उभ्या आहेत. त्यांच्याशी चहाच्या टेबलावर कोण वाद घालणार? माझी तक्रार नेमकी इथे आहे. हा शब्द पुरावा देत नाही, पुराव्याचा दबदबा मात्र निर्माण करतो.

आता शब्दाच्या व्याकरणाकडे येऊ. इंग्रजीत ‘ली’ हा प्रत्यय फार सोयीचा आहे. तो कुठल्याही विशेषणाला लागतो आणि मूळ कल्पनेचा वाक्याशी ‘काहीतरी’ संबंध आहे एवढं सांगून मोकळा होतो. संबंध कोणता, ते सांगत नाही. ‘क्विकली’ म्हटलं की क्रियेची रीत कळते. ‘फायनॅन्शियली’ म्हटलं की पैशाच्या बाबतीत, एवढं कळतं. पण ‘इव्होल्यूशनरिली’ म्हणजे उत्क्रांतीमुळे, की उत्क्रांतीच्या काळात, की उत्क्रांतीच्या हिशेबात? इंग्रजी बोलणाऱ्याला हे ठरवावं लागत नाही.

मराठीत ठरवावं लागतं. आपल्याकडे नामाला विभक्ती लावायची किंवा शब्दयोगी अव्यय जोडायचं. ‘मुळे’ लावलंत की कारण झालं. ‘ने’ लावलंत की साधन किंवा कर्ता झाला. ‘त’ लावलंत की स्थळ-काळ झाला. नुसत्या ‘उत्क्रांती’वर वाक्य पुढे सरकत नाही. म्हणून मी एक साधी कसोटी सुचवतो: कुणी ‘इव्होल्यूशनरिली’ म्हणालं की त्याला म्हणायचं, “हेच मराठीत सांग.” त्याने कोणता प्रत्यय निवडला त्यावरून त्याचा दावा काय आहे आणि त्याने कोणता पुरावा द्यायला हवा, हे कळतं.

यावर संस्कृत जाणणारे म्हणतील की आपल्याकडेही ‘तः’ आहे. निसर्गतः, स्वभावतः, तत्त्वतः. तसंच ‘उत्क्रांतितः’ करा. करता येईल. पण पाणिनीने हा प्रत्यय पंचमीच्या अर्थाने सांगितला आहे, म्हणजे ‘अमुकपासून’. व्यवहारात आपण तो इतका सैल केला की ‘तत्त्वतः मान्य’ म्हणजे प्रत्यक्षात अमान्य, असा अर्थ झाला. तेव्हा ‘उत्क्रांतितः’ नको. आपण लांबचा रस्ता घेऊ.

माझ्या मोजणीप्रमाणे या शब्दाचे तीन रास्त उपयोग आहेत आणि एक गैरवाजवी.

पहिला उपयोग काळाचा. ‘उत्क्रांतीच्या कालमानाने’. शास्त्रज्ञ म्हणतात, प्रौढ वयात दूध पचवण्याची क्षमता ‘इव्होल्यूशनरिली’ अलीकडची आहे. म्हणजे काय? सस्तन प्राण्यांचं पिल्लू दूध पितं तोवर त्याच्या आतड्यात लॅक्टेज हे वितंचक भरपूर असतं. दूध सुटलं की ते सहसा कमी होतं. काही मानवसमूहांत ते आयुष्यभर टिकतं. ही क्षमता पसरली ती पशुपालन सुरू झाल्यानंतर, म्हणजे साधारण गेल्या दहा हजार वर्षांत. आता दहा हजार वर्षं म्हणजे आपल्याला अनादिकाळ. पण आपल्या जातीचे सर्वांत जुने मानले जाणारे अवशेष, मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे, सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचे आहेत, आणि चिंपांझींच्या वंशापासून आपला वंश वेगळा झाला तो साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी. त्या मापाने दहा हजार वर्षं म्हणजे काल संध्याकाळ. इथे हे क्रियाविशेषण मोजपट्टी कोणती ते सांगतं. मला ते मान्य आहे, उपयोगी आहे.

दुसरा उपयोग कारणाचा. ‘उत्क्रांतीमुळे’, किंवा अधिक नेमकं, ‘नैसर्गिक निवडीमुळे’. जीवशास्त्राच्या लेखांत एक जोडशब्द वारंवार येतो, ‘इव्होल्यूशनरिली कन्झर्व्ड’: उत्क्रांतीत जपलं गेलेलं. उदाहरण देतो. बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत 1995 साली उंदराचं पॅक्स-सिक्स नावाचं जनुक फळमाशीत कार्यरत केलं गेलं. माशीच्या पायांवर, पंखांवर जादा डोळे उगवले. गंमत अशी की ते उंदराचे डोळे नव्हते. माशीचेच, अनेक भिंगांचे डोळे होते. माशी आणि उंदीर यांचा समान पूर्वज 50 कोटी वर्षांहून जुना. इतक्या काळानंतरही ‘इथे डोळा कर’ हा आदेश दोघांना समजतो.

आता ‘जपलं गेलं’ हा शब्द बघा. कुणी जपलं? आजीने लोणच्याची बरणी जपावी तसं कुणी जपलेलं नाही. ज्यांच्यात त्या जनुकात मोठी मोडतोड झाली त्यांची संतती सहसा टिकली नाही, एवढंच. पण लक्षात घ्या, इथे शास्त्रज्ञाला हा शब्द वापरण्याआधी काम करावं लागलं आहे. अनेक प्राण्यांतल्या जनुकांची तुलना करावी लागली, प्रयोग करावा लागला. हे क्रियाविशेषण त्या कामाची पावती आहे.

याच्या उलट, काम न करता पावती फाडण्याचे प्रकार पुष्कळ. जॉर्ज विल्यम्स यांनी 1966 साली अनुकूलनावर एक फार शिस्तीचं पुस्तक लिहिलं. त्यात एक साधं उदाहरण आहे. उडणारा मासा पाण्याबाहेर झेप घेतो आणि परत पाण्यात पडतो. पाण्यात परत जाणं त्याला आवश्यकच आहे, नाहीतर तो मरेल. मग परत पडणं ही नैसर्गिक निवडीची करामत म्हणायची का? नाही, त्याला गुरुत्वाकर्षण पुरतं. एखादी गोष्ट उपयोगी आहे यावरून ती त्या उपयोगासाठी घडली, असं निघत नाही. विल्यम्सचं म्हणणं असं की अनुकूलन ही जड संकल्पना आहे, गरज असेल तिथेच उचलावी. पुढे 1979 साली गूल्ड आणि लेवॉन्टिन यांनी हीच तक्रार जास्त खणखणीत आवाजात केली. प्रत्येक अवयवामागे, प्रत्येक सवयीमागे एक सोयीस्कर गोष्ट रचायची ही खोड त्यांनी दाखवून दिली. अशा गोष्टींना इंग्रजीत जे नाव पडलं आहे ते आपल्या मुंबईत जन्मलेल्या किप्लिंगच्या मुलांसाठीच्या पुस्तकावरून पडलं. त्यात मगरीने नाक ओढलं म्हणून हत्तीला सोंड आली. मुलांसाठी गोष्ट उत्तम आहे.

तिसरा उपयोग हिशेबाचा. ‘उत्क्रांतीच्या हिशेबात’. मला हा सर्वांत सुंदर वाटतो, कारण इथे क्रियाविशेषण काढून टाकलं तर वाक्य खोटं होतं. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी 1973 साली ‘नेचर’मध्ये प्राण्यांच्या भांडणांवर एक निबंध लिहिला. एकाच जातीचे दोन प्राणी लढतात तेव्हा बरेचदा एकमेकांना ठार करत नाहीत, गुरगुरून, शिंगं दाखवून थांबतात. का? त्यांनी मांडलेली संकल्पना ‘इव्होल्यूशनरिली स्टेबल स्ट्रॅटेजी’ म्हणून ओळखली जाते: उत्क्रांतीच्या हिशेबात स्थिर असं धोरण.

याचं पुस्तकी उदाहरण आकड्यांत सांगतो, सोपं आहे. समजा एका घासाची किंमत 20 गुण आणि जखमेचा तोटा 40 गुण. दोन वृत्ती आहेत. ससाणा शेवटपर्यंत लढतो. पारवा नुसता फुगून दाखवतो आणि समोरचा खरंच लढायला आला की निघून जातो. दोन पारवे भेटले तर घास कधी याला, कधी त्याला. सरासरी 10 गुण. ससाण्याला पारवा भेटला तर ससाण्याला 20, पारव्याला शून्य. दोन ससाणे भेटले तर निम्म्या वेळा 20 मिळतात, निम्म्या वेळा 40 जातात. सरासरी उणे 10. आता सगळेच पारवे असतील तर प्रत्येकाला 10 मिळतात, सगळे सुखी. पण त्यांच्यात एक ससाणा शिरला की त्याची चैन होते, त्याची पिल्लं वाढतात. ससाणे फार झाले की ते एकमेकांनाच फाडतात. गाडं थांबतं ते निम्मे ससाणे आणि निम्मे पारवे झाल्यावर. तेव्हा प्रत्येकाची सरासरी किती? ससाण्याची 5, पारव्याचीही 5.

बघा काय झालं. सगळे पारवे असताना प्रत्येकाला 10 मिळत होते. ‘स्थिर’ अवस्थेत 5 मिळतात. म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात जे स्थिर, ते कुणाच्याच भल्याचं नाही. इथे ‘इव्होल्यूशनरिली’ हा शब्द एक कुंपण घालतो: ‘स्थिर’ म्हणजे चांगलं नाही, शहाणपणाचं नाही, टिकाऊ समाजव्यवस्था नाही, फक्त एवढंच की दुसरी वृत्ती शिरून याला हुसकावू शकत नाही. चांगलं क्रियाविशेषण असं असतं. ते वाक्याचा अधिकार कमी करतं, वाढवत नाही.

असंच एक उदाहरण कायद्यातलं. ‘इव्होल्यूशनरिली सिग्निफिकंट युनिट’ हा शब्दप्रयोग ऑलिव्हर रायडर यांनी 1986 साली पुढे आणला. प्रश्न असा होता की एखाद्या जातीतल्या कोणत्या गटाला वेगळं समजून वाचवायचं. अमेरिकेत पॅसिफिक किनाऱ्यावरच्या साल्मन माशांसाठी 1991 साली हा शब्द सरकारी धोरणात आला, आणि तिथे तो मोघम ठेवून चालणार नव्हतं. म्हणून दोन अटी लिहिल्या गेल्या: तो गट प्रजननाच्या बाबतीत इतरांपासून बऱ्याच अंशी वेगळा असला पाहिजे, आणि त्या जातीच्या उत्क्रांतीच्या वारशाचा तो महत्त्वाचा भाग असला पाहिजे. पटोत न पटोत, अटी कागदावर आहेत, त्यावर भांडता येतं. घरात हा शब्द वापरताना आपण एकही अट लिहून देत नाही.

आता चौथा उपयोग. हा कोणी कबूल करत नाही, पण सर्वांत जास्त चालतो तो हाच. इथे ‘इव्होल्यूशनरिली’ म्हणजे ‘मुळातच’, ‘जात्याच’, ‘निसर्गतः’. आणि त्याच्या पोटात आणखी एक: ‘म्हणून बदलता न येण्यासारखं’. पुरुष इव्होल्यूशनरिली एका बाईशी एकनिष्ठ राहू शकत नाहीत. बायकांना इव्होल्यूशनरिली नकाशा कळत नाही. माणूस इव्होल्यूशनरिली परक्यांचा द्वेष करतो. ही वाक्यं मी लग्नाच्या पंगतीत ऐकली आहेत, चर्चासत्रांत ऐकली आहेत.

यांची ओळख पटवायला एक व्याकरणी खूण आहे. वर जे तीन रास्त उपयोग सांगितले त्यांत हा शब्द बहुधा एखाद्या विशेषणाला चिकटून येतो: अलीकडची, जपलेलं, स्थिर. तो त्या एका शब्दाचा अर्थ आवळतो. चौथ्या उपयोगात तो वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतो, पुढे स्वल्पविराम, आणि मग त्या स्वल्पविरामानंतर काहीही येऊ शकतं. सत्यनारायणाच्या पूजेआधी संकल्प सोडावा तसं. एकदा संकल्प सुटला की पुढचं सगळं विधिवत. ही खूण काही नियम नव्हे, अपवाद सापडतील. पण शब्द वाक्याच्या सुरुवातीला दिसला की सावध व्हा.

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी इथे म्हणतील, सर, ही तर जुनीच गोष्ट आहे. ‘आहे’वरून ‘असावं’ निघत नाही हे ह्यूमने 1740 मध्येच सांगितलं. हर्बर्ट स्पेन्सर ‘अधिक उत्क्रांत’ आणि ‘अधिक चांगलं’ यांची गल्लत करतो, हे जी. ई. मूरने 1903 मध्ये दाखवलं. डार्विनचा खंदा समर्थक हक्सली, त्यानेही 1893 साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात बजावलं की समाजाची नैतिक प्रगती निसर्गाच्या झगड्याची नक्कल करून होत नाही, त्याला तोंड देऊन होते. हे सगळं खरं आहे. पण माझं निरीक्षण असं की आजचा सुशिक्षित माणूस ही चूक उघडपणे करत नाही. त्याला ह्यूम माहीत नसेल, पण तो लगेच म्हणतो, “मी योग्य आहे असं म्हणत नाही, फक्त फॅक्ट सांगतोय.” घसरण त्याच्याही आधीच्या पायरीवर होते. ‘हे असं घडत आलं’ आणि ‘हे असंच राहणार’ ही दोन्ही ‘आहे’च्या प्रदेशातली विधानं आहेत, पण ती एक नव्हेत.

पुन्हा दुधाकडे या. प्रौढपणी लॅक्टेज न टिकणारी माणसं जगात बहुसंख्य आहेत. ‘इव्होल्यूशनरिली’ ती दूध पिणारी नव्हेत. यावरून त्यांच्या ताटात काय असेल, हे सांगता येतं का? विरजण लावलं की जिवाणू दुधातली बरीच साखर खाऊन टाकतात. दही झालं, ताक झालं, कढी झाली, श्रीखंड झालं. आतड्यातलं जनुक होतं तसंच आहे आणि माणूस वाटीभर कढी प्यायला. उत्क्रांतीने काय दिलं हे सांगून झाल्यावरही, त्याचं पुढे काय होतं हा प्रश्न संपूर्ण उरतो. निको टिनबर्गन यांनी 1963 साली प्राण्यांच्या वागणुकीबद्दल चार वेगळे प्रश्न मांडले: ही वागणूक आत्ता कशी घडते, एका जीवाच्या आयुष्यात कशी वाढते, टिकून राहायला तिचा उपयोग काय, आणि वंशात ती कशी आली. चारही प्रश्न विचारा, असं त्यांचं सांगणं. आपलं क्रियाविशेषण शेवटच्या दोनांचं अर्धवट उत्तर देतं आणि पहिले दोन गिळून टाकतं. झोपलेला बाप बाळाच्या रडण्याने जागा होईल का, हा पहिल्या दोन प्रश्नांतला प्रश्न आहे.

आता थोडं आपल्या अंगणात. मघाशी मी मराठीचं कौतुक केलं, पण मराठीही धुतल्या तांदळासारखी नाही. ‘इव्होल्यूशनरिली’चं आपलं नेहमीचं भाषांतर काय? ‘उत्क्रांतीच्या दृष्टीने’. उत्क्रांतीला दृष्टी कुठे आहे? ती काही बघत नाही, काही ठरवत नाही. ‘दृष्टीने’ म्हटलं की जणू एक वडीलधारी बाई उंबरठ्यावर उभी राहून कुणाचं वागणं पसंत, कुणाचं नापसंत हे ठरवते आहे. म्हणून मी ‘हिशेबात’ म्हणतो. हिशेबाला डोळे लागत नाहीत.

मूळ शब्दही बघा. ‘इव्होल्यूशन’ लॅटिनमधून आला, गुंडाळलेली पोथी उलगडणं या अर्थाने. अठराव्या शतकात हालरने तो गर्भाच्या वाढीसाठी वापरला: बीजात सगळं आधीच घडी करून ठेवलेलं आहे, ते फक्त उलगडतं. म्हणजे डार्विनच्या सिद्धांताच्या अगदी उलट कल्पना. डार्विनच्या 1859 च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हा शब्द नाही. ‘इव्हॉल्व्ह्ड’ हे रूप आहे, आणि तो ग्रंथाचा शेवटचा शब्द आहे. ‘इव्होल्यूशन’ त्या ग्रंथात आला तो 1872 च्या सहाव्या आवृत्तीत. आपण भारतीयांनी काय केलं? मराठीत ‘उत्क्रांती’, म्हणजे वर पाऊल टाकणं. वेदान्तात हाच शब्द प्राण शरीर सोडून वर जातो त्यासाठी आहे. बंगालीत ‘विवर्तन’, वेदान्तात विवर्त म्हणजे दोरीवर साप भासणं. हिंदीत ‘विकास’, म्हणजे फुलणं. एकाने शिडी आणली, दुसऱ्याने भास आणला, तिसऱ्याने फूल आणलं. मूळ प्रक्रियेत यातलं काहीच नाही. शब्द बदलावा असं मी म्हणत नाही. आता ते रुळले आहेत. पण ‘उत्क्रांत’ म्हणताना ‘वरचा’ हा अर्थ आपोआप ऐकू येतो, याचं भान ठेवावं.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही उत्क्रांतीच्या विरोधात आहात का? मुळीच नाही. उत्क्रांती झाली, होते आहे, आणि आपली मनंही तिच्यातूनच आली आहेत. ते मान्य आहे म्हणूनच हा शब्द असा उधळलेला बघवत नाही. सोनाराला पितळेचा राग येतो तो सोन्याच्या आदरापोटी.

आता चहाच्या टेबलावर परत जाऊ. “इव्होल्यूशनरिली आईचीच झोप सावध असते.” मराठीत सांग.

‘उत्क्रांतीच्या कालमानाने’? अर्थच लागत नाही. ‘उत्क्रांतीमुळे’? तर मग पुरावा दे. आणि पुरावा शोधायला गेलास तर तुझ्या वाक्यातला ‘च’ अडचणीत येईल. सारा हर्डी या मानवशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या इथे माउंट अबूला वानरांचा अभ्यास करून कारकीर्द सुरू केली. त्यांनी 2009 च्या पुस्तकात सविस्तर मांडलं की माणसाचं मूल इतकं महाग, इतकी वर्षं परावलंबी, की ते एकट्या आईने वाढवलंच नसावं. बाप, आजी, मावशा, मोठी भावंडं, सगळ्यांचे हात लागले असावेत. टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की म्हाताऱ्या बायका तासन्‌तास कंद खणतात आणि नातवंडांना घालतात. फिलिपाइन्समधल्या सेबू इथे 600 हून अधिक तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा करून केलेला अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन ठळकपणे उतरलेलं आढळलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त मुलांचं करणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होतं. म्हणजे बापाचं शरीर या कामाला अगदीच परकं नाही.

पण थांबा. इथे मलाही मोह होतो की म्हणावं, “बघ, इव्होल्यूशनरिली बापानेही उठलं पाहिजे.” तसं म्हटलं तर मी तोच शब्द उलटा करून मारला, एवढंच. सेबूच्या अभ्यासातून माझ्या मुलाने मंगळवारी रात्री उठावं असं निघत नाही. आणि उद्या अगदी पक्कं सिद्ध झालं की आईची झोपच जास्त सावध असते, तरी तिनेच उठावं असंही निघत नाही. फार तर एवढं निघेल की बापाने गजर लावावा, किंवा बाळाच्या बाजूला त्याने झोपावं. कोण उठणार हे दोन माणसांनी, दोघांच्या झोपेचा आणि कामाचा विचार करून ठरवायचं आहे. तिथे न्यायाचा प्रश्न आहे, आणि न्यायाचा प्रश्न क्रियाविशेषणाने सुटत नाही.

एक कबुली देऊन थांबतो. हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा ही आतून म्हणाली, “याच्या वेळी तुम्ही किती रात्री उठलात?” याच्या म्हणजे मुलाच्या. खरं सांगायचं तर एकही नाही. तेव्हा माझ्याकडे हा इंग्रजी शब्द नव्हता. मी म्हणायचो, “बाईची झोप मुळातच हलकी.” ‘मुळातच’. चौथा उपयोग, शुद्ध मराठीत. प्रबंध तत्त्वज्ञानाचा होता, आणि तो लिहायचा म्हणून मला झोप हवी होती. तो तिच्या झोपेवर लिहिला गेला हे मला चाळीस वर्षांनी, सुनेच्या प्रश्नामुळे कळलं. तेव्हा मुलाला मी फार बोललो नाही. एवढंच म्हणालो की शब्द माझा जुनाच आहे, तू फक्त त्याला नवा कोट घातलास.

तुम्हीही येत्या आठवड्यात हा शब्द ऐकाल, किंवा तुमच्याच तोंडून निघेल. तेव्हा एवढंच करा: तो मराठीत म्हणून बघा. ‘कालमानाने’, ‘मुळे’, ‘हिशेबात’, की ‘मुळातच’? पहिल्या तिन्हींपैकी असेल तर पुरावा मागा आणि ऐकून घ्या. चौथा असेल तर या वाक्याने कुणाची झोप मोडणार आहे, ते विचारा.

पुढच्या व्याख्यानात ‘सामान्यतः’ या आपल्या ‘तः’वाल्या शब्दाकडे बघू.